पडलेला संघ उभा करण्याची गोमंतकीय रीत : एक पार्श्वभूमी

गोव्यातील एखादा फुटबॉल संघ ओळीने चार-पाच सामने हरला की मडगावच्या फातोर्डा स्टेडियमबाहेर, रस-ऑमलेटच्या गाड्याभोवती, ज्या मागण्या सुरू होतात त्या आता पाठ झालेल्या आहेत : प्रशिक्षकाला घरी पाठवा, गोल करणारा परदेशी खेळाडू आणा, अर्धा संघ मोडून नव्याने बांधा. या मागण्यांमागचा वैताग खोटा नाही आणि प्रस्तुत लेखकही त्या वैतागलेल्यांपैकीच एक आहे. तथापि, संघ नव्याने बांधायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न गोव्यात पूर्वी अनेकदा उभा राहिला होता आणि काही वेळा त्याचे चोख उत्तरही मिळाले होते. ते उत्तर ज्या व्यवस्थेतून मिळाले ती व्यवस्था आज कितपत शिल्लक आहे, हे पाहिल्याशिवाय प्रशिक्षक बदलण्याची चर्चा फारशी पुढे सरकत नाही.

गोव्यात फुटबॉल आले ते १८८३ मध्ये, शिवोलीला, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंबरोबर. तेथून चर्चच्या शाळा, गावोगावची मैदाने आणि भातकापणीनंतर मोकळी झालेली शेते असा त्याचा प्रसार झाला. पोर्तुगीज राजवटीत ज्याला मोठ्या पातळीवर खेळायचे असे त्याला बहुधा मुंबई गाठावी लागे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील, पण त्यांचे फुटबॉल मुंबईचे. १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातील कोलवाळचे फोर्तुनातो फ्रांको हेही मुंबईत टाटांच्या संघाकडून नावारूपाला आले आणि पुढे साळगावकर क्लबकडे वळले.

फ्रांको यांचे ते परत येणे महत्त्वाचे आहे, कारण मुक्तीच्या आगेमागे गोव्यात खेळाडूला थांबवून ठेवू शकेल असे काहीतरी उभे राहू लागले होते. वास्को स्पोर्ट्स क्लब १९५१ चा, साळगावकर १९५६ चा. धेंपो क्लबचे मूळ डिचोलीत आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेला ‘क्लुब देस्पोर्तिव्हो द बिशोली’ हा क्लब साठच्या दशकाच्या अखेरीस धेंपो उद्योगसमूहाने हाती घेतला. फुटबॉल म्हणजे दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुका असे समीकरण मांडणाऱ्यांना हे सहसा आठवत नाही की, पुढे पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला क्लब खाणपट्ट्यातील, मराठी वाचणाऱ्या तालुक्यातून आलेला आहे. साळगावकर, धेंपो आणि सेसा गोवा या तिन्ही नावांमागे लोहखनिजाचा पैसा होता. त्या पैशाने खेळाडूला मानधन दिलेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नोकरी दिली. कंपनीच्या हजेरीपटावर नाव असलेला खेळाडू एका हंगामात गुडघा दुखावला म्हणून रस्त्यावर येत नसे, आणि क्लबही एका वाईट हंगामानंतर सगळा संघ झटकून टाकण्याच्या फंदात पडत नसे.

या स्थैर्याची फळे आधी राज्याच्या संघाला मिळाली. १९८२-८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संयुक्तपणे आणि पुढच्याच वर्षी एकट्याने राज्यसंघांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक जिंकला. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले ते याच काळात. क्लबांच्या बाबतीत १९८८ मध्ये साळगावकरने फेडरेशन चषक ही क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय लीगही जिंकली. दरम्यान १९८८ मध्येच वार्का येथील क्लब आलेमांव कुटुंबाने घेऊन ‘चर्चिल ब्रदर्स’ उभा केला होता आणि १९९९ मध्ये स्पोर्टिंग क्लब द गोवाची भर पडली.

त्यानंतरच्या काळाकडे जरा थांबून पाहायला हवे. २००७-०८ मध्ये राष्ट्रीय लीगची आय-लीग झाली आणि तिची पहिली सहाच्या सहा विजेतेपदे गोव्यात आली : धेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन, साळगावकरने एक. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीचे एक राज्य देशाच्या सर्वोच्च स्पर्धेवर सहा वर्षे मालकी सांगत होते. ही मालकी विकत घेतलेली नव्हती. धेंपोचा त्या काळातील संघ आठवावा : मागे महेश गवळी आणि समीर नाईक, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स, कडेला क्लिफर्ड मिरांडा आणि अँथनी परेरा, हे सगळे गोमंतकीय. त्यांच्या जोडीला ब्राझीलचे बेटो आणि नायजेरियाचे रँटी मार्टिन्स हे परदेशी होते खरे, पण तेही वर्षानुवर्षे तेथेच राहिले. आणि या सर्वांवर दशकाहून अधिक काळ एकच प्रशिक्षक, आर्मांदो कुलासो. डिसेंबर २००४ मध्ये बेंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात दोन्ही गोल करणाऱ्या ख्रिस्तियानो ज्युनियर यांचा मैदानावरच मृत्यू झाला. इतका मोठा आघात झालेला संघ त्याच हंगामात राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला. कुलासोंच्या कारकिर्दीतही वाईट हंगाम आले, नाही असे नाही, परंतु त्यांना हटवून प्रश्न सुटेल असे मालकांना वाटले नाही. आजचा प्रेक्षक, म्हणजे आम्हीच, इतका धीर धरू शकलो असतो का याची मला शंका आहे.

पुनर्बांधणी या विषयाला त्याहून जवळचे उदाहरण साळगावकरचे आहे. आय-लीगच्या पहिल्याच हंगामात हा क्लब खालच्या श्रेणीत घसरला. तेव्हाही ‘साळगावकर संपला’ असे म्हणणारे पुष्कळ होते. क्लब दुसऱ्या श्रेणीत खेळला, २००९ मध्ये वर आला आणि २०१०-११ मध्ये करीम बेन्शरिफा यांच्या मार्गदर्शनाखाली आय-लीगचा विजेता झाला. त्याच वर्षी फेडरेशन चषकही त्याने जिंकला. घसरण ते विजेतेपद हा प्रवास तीन हंगामांत झाला. त्यात कोणतीही जादू नव्हती. घसरलेल्या क्लबला खेळायला खाली एक श्रेणी होती आणि तेथून वर येण्याची वाट नियमांत लिहिलेली होती. मालकाने खर्च थांबवला नव्हता आणि स्थानिक स्पर्धांमधून नवे खेळाडू येत राहिले होते. या चार गोष्टी एका वेळी जागेवर होत्या, एवढेच.

मग हे बिघडले कुठे? याचे सर्वांत लोकप्रिय उत्तर खाणबंदी हे आहे. बेकायदा खाणींवरील शहा आयोगाचा अहवाल आल्यानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, आणि एकदा सुरू होऊन २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे पुन्हा बंद झाले. ट्रक आणि बार्ज उभे राहिले तेव्हा खाणपट्ट्यातील गावच्या स्पर्धांची बक्षिसे आटली, हे त्या भागात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु मोठ्या क्लबांची पडझड केवळ खाणबंदीवर ढकलणे मला पटत नाही. धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता, आणि त्यानंतरही क्लबने २००९-१० व २०११-१२ ची विजेतेपदे मिळवली. पैसा कमी झाला, हे खरे आहे. पण पैसा खर्चण्याचे कारणच कमी झाले, हे त्याहून खरे आहे.

ते कारण दिल्लीत ठरलेल्या करारात सापडते. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीबरोबर पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा करार केला आणि त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग जन्माला आली. सुरुवातीच्या वर्षांत ही लीग जेमतेम अडीच-तीन महिने चाले, खेळाडू आय-लीगच्या क्लबांकडून उसने घेतले जात आणि प्रेक्षक, जाहिराती व दूरचित्रवाणी मात्र तिच्याकडे जात. एफसी गोवा हा तिच्यातील गोव्याचा संघ. त्याच्या पहिल्या मालकांत धेंपो आणि साळगावकर घराण्यांतील उद्योजक होते, म्हणजे जुन्या घरांतील माणसांनीच नव्या घरात हिस्सा घेतला होता. जुन्या क्लबांची अवस्था तेव्हाच विचित्र होऊ लागली होती. जानेवारी २०१४ मध्ये चर्चिल ब्रदर्सने फेडरेशन चषक जिंकला आणि त्याच हंगामात आय-लीगमधील जागा गमावली. पुढच्या वर्षी धेंपो घसरला.

धेंपोने जुन्या रीतीप्रमाणे दुसरी श्रेणी जिंकून २०१६ मध्ये परतीचा हक्क मिळवला. साळगावकरने केले तेच पुन्हा घडणार, असे वाटण्याचा तो क्षण होता. पण त्याच उन्हाळ्यात महासंघाने नवा आराखडा मांडला : सुपर लीग सर्वांत वर, आय-लीग तिच्या खाली, आणि वर जाण्याची वाट बंद. मैदानावर कितीही सामने जिंकले तरी पहिल्या श्रेणीत पोहोचता येणार नसेल तर कोट्यवधी रुपये कशासाठी ओतायचे, असा प्रश्न धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंगने केला आणि तिघांनीही राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. त्याच्या चार वर्षे आधी देशाच्या सर्वोच्च स्पर्धेत गोव्याचे चार क्लब होते. २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये पुन्हा प्रवेश मिळालेला चर्चिल ब्रदर्स तेवढा उरला. क्लबांनी रागाच्या भरात घेतलेला हा निर्णय होता असे म्हणणारेही आहेत. माझ्या मते प्रश्न रास्त होता, पण त्याची किंमत मालकांनी नव्हे तर विशी-बाविशीतल्या खेळाडूंनी मोजली.

एफसी गोवाचा प्रवास या पार्श्वभूमीवर पाहिला की त्याचे चढउतार अधिक कळतात. २० डिसेंबर २०१५ ची, सुपर लीगच्या अंतिम सामन्याची रात्र फातोर्ड्यातील प्रेक्षक विसरणार नाहीत. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला, गोवा २-१ असा पुढे गेला, आणि करंडक घरी आलाच असे समजून पाठीमागच्या रांगांतील माणसे एकमेकांना मिठ्या मारू लागली. ९० व्या मिनिटाला गोलरक्षक कट्टीमनी यांच्या नावावर स्वयंगोल लागला आणि भरपाई वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा गोल केला. साखळीत अव्वल राहिलेला हा संघ पुढच्या वर्षी, तोच झिको प्रशिक्षक असताना, आठ संघांत आठवा आला. तेव्हा जी पुनर्बांधणी झाली ती मात्र दाद देण्यासारखी होती. २०१७ मध्ये स्पेनचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले, चेंडू पायात ठेवून खेळण्याची एक ठाम पद्धत आली, आणि त्या हंगामात साखळीच्या १८ सामन्यांत संघाने ४२ गोल केले, त्यांतील बहुतेक श्रेय स्पेनचे आघाडीवीर कोरोमिनास यांना मिळाले. पण त्यांच्यामागे धावणारे कोण होते? धेंपोतून आलेले मंदार राव देसाई, चर्चिल ब्रदर्समध्ये विजेतेपद पाहिलेले आणि पुढच्या हंगामात संघात आलेले लेनी रॉड्रिग्स, तसेच सेरिटन आणि ब्रँडन फर्नांडिस. २०२० मध्ये साखळी संपण्याआधी लोबेरा यांना दूर करण्यात आले, तेव्हा उरलेले सामने सांभाळून साखळी विजेत्याची ढाल आणणारे हंगामी प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा होते, तेही धेंपोचेच. नव्या संघाने चांगल्या वर्षांत जे खाल्ले ते जुन्या क्लबांनी भरून ठेवलेल्या कणगीतले धान्य होते, आणि ती कणगी पुन्हा भरण्याची जबाबदारी आपली आहे असे कोणालाच वाटत नव्हते.

२०१२ मध्ये फुटबॉलला राज्यखेळाचा दर्जा मिळाला. त्याने फार काही बदलले असे दिसत नाही. संतोष करंडक गोव्याने शेवटचा जिंकला तो २००८-०९ मध्ये. २०१७ मध्ये बांबोळीला घरच्या प्रेक्षकांसमोर बंगालकडून आणि २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशात सेनादलाकडून अंतिम सामन्यात तो एकेका गोलने हरला. म्हणजे मुले अजूनही तयार होतात, अंतिम फेरीपर्यंत पोहोचतात. त्यांनी त्यानंतर कोणत्या क्लबात, कोणत्या स्पर्धेत, वर्षाचे किती महिने खेळायचे, हे मात्र ठरलेले नसते.

खालून वर जाण्याची वाट कागदावर आता पुन्हा उघडली आहे. समीर नाईक यांच्या मार्गदर्शनाखालील धेंपोने २०२३-२४ मध्ये आय-लीग २ या खालच्या श्रेणीतून बढती मिळवली आणि नऊ वर्षांनी हा क्लब आय-लीगमध्ये परतला. त्या संघात गोमंतकीय खेळाडूंचा भरणा होता आणि घाई नव्हती. जुन्या रीतीचा हा ताजा पुरावा म्हणता येईल. त्याच्या उलट चर्चिल ब्रदर्सची कथा : एप्रिल २०२५ मध्ये महासंघाने त्यांना आय-लीगचे विजेते ठरवले, सुपर लीगचे दार दिसू लागले, आणि जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने प्रतिस्पर्धी इंटर काशी क्लबच्या बाजूने निकाल देऊन ते विजेतेपद काढून घेतले. निकाल कायद्याने बरोबर असेलही. पण मैदानावरचा हंगाम संपल्यावर तीन महिन्यांनी विजेता बदलतो अशा स्पर्धेत कोणता मालक पाच वर्षांची योजना आखून पैसे गुंतवील?

त्यामुळे पुढच्या पराभवानंतर प्रशिक्षकाचे डोके मागण्यापूर्वी आपल्या क्लबच्या व्यवस्थापनाला विचारण्याजोगे प्रश्न थोडे वेगळे आहेत. अकराजणांत गोमंतकीय किती आणि ते गेल्या हंगामातही येथेच होते का, वीस वर्षांखालील संघ वर्षभरात किती सामने खेळतो, प्रशिक्षकाचा करार एका हंगामाचा की तीन हंगामांचा, आणि संघ उद्या खाली घसरला तर मालक खर्च चालू ठेवणार की नाही. २००८ मधील साळगावकरकडे या चारही प्रश्नांची उत्तरे होती.