फ्लॅशची टोपी आणि फ्लॅशचा पडदा

पावसाळा सुरू झाला की पुण्याच्या वेताळ टेकडीवर किड्यांचे फोटो काढायला झुडपांपुढे उकिडवी बसलेली कॅमेरेवाली मंडळी दिसू लागतात. कुणाच्या फ्लॅशवर दुधी प्लॅस्टिकची विकतची टोपी असते, तर कुणी ट्रेसिंग पेपर, फोम आणि चिकटपट्टी वापरून घरीच काहीतरी बांधून आणलेलं असतं. दुसरं प्रकरण, म्हणजे घरचा पडदा, दिसायला गबाळंच. पण डिफ्यूझर दोन्हींना म्हणतात आणि पांढऱ्या वस्तूतून गेला की प्रकाश मऊ होतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. म्हणून माणूस दुकानात जातो, टोपी घेतो आणि भुंगेऱ्याच्या पाठीवर तोच जळका पांढरा ठिपका बघून चक्रावतो.

सावलीची कड मऊ की करकरीत, हे किड्याच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो त्यावर ठरतं. सूर्य अवाढव्य खरा, पण इतका लांब की दिसतो टिकलीएवढा. म्हणून भर दुपारची सावली कडक. ढग आले की आख्खं आभाळच दिवा होतं.

फ्लॅशचं तोंड साधारण ७ सेंटीमीटर रुंद असतं. टोपी घातली तरी दिवा जेमतेम तेवढाच राहतो, फक्त प्रकाश चहूकडे उधळतो. मंगल कार्यालयात हे फार कामाचं. छत-भिंती पांढऱ्या असतील तर उधळलेला प्रकाश त्यांच्यावरून परत येतो आणि खरा दिवा ती भिंतच होते. टेकडीवर भिंत कुठून आणणार? तिथे उधळलेला प्रकाश गेला तो गेलाच, आणि बॅटरी उगाच खर्ची पडते.

पडद्याचं गणित वेगळं. ७ सेंटीमीटरचा दिवा ३० सेंटीमीटरवर असेल तर किड्याला तो जेमतेम १३ अंशांत दिसतो. २० सेंटीमीटर रुंद कागद १० सेंटीमीटरवर आणा, तोच कोन ९० अंश होतो. मात्र कागद नुसता मोठा असून भागत नाही, तो सगळा सारखा उजळला पाहिजे. फ्लॅशच्या तोंडाला चिकटवलेला कागद मधोमध भगभगतो आणि कडा काळवंडतात. म्हणजे दिवा पुन्हा लहानच. म्हणून तोंडाजवळ फोमचा एक तुकडा, मग चांगली चार बोटं मोकळी जागा, आणि मग बाहेरचा कागद लेन्सच्या टोकावरून पुढे झुकलेला. मधल्या बाजू कार्डबोर्डच्या, आतून पांढरा कागद किंवा अॅल्युमिनियम फॉइल लावलेल्या. सगळं सामान आप्पा बळवंत चौकात आणि घरच्या रद्दीत मिळून जातं. पिवळट बटर पेपर टाळलेला बरा, रंग दुरुस्त करत बसावं लागतं.

टेकडीवर नेण्याआधी घरी स्टीलच्या चमच्याच्या पाठीचा फोटो काढा. चमच्यात दिव्याचं प्रतिबिंब दिसतं, तेच पुढे भुंगेऱ्याच्या पाठीवर आणि उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यांत दिसणार. मध्ये प्रखर ठिपका असेल तर आतला थर वाढवा किंवा अंतर वाढवा. पसरट, दुधाळ पट्टा दिसला की जमलं. असा पट्टा भुंगेऱ्याच्या पाठीवर पडला तर त्याच्या आतही पाठीवरचे बारीक खड्डे मोजता येतात. जळक्या ठिपक्याखाली काहीच उरत नाही.

कागद एक-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), त्याची फार चिंता नको. दिवा जवळ आल्यामुळे बरीच भरपाई होते आणि लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक ठेवलं तरी फ्लॅश कमी ताकदीवर चालतो. कमी ताकदीवर त्याची झळक अतिशय छोटी असते, त्यामुळे वाऱ्यावर हलणाऱ्या पानावरचा किडाही स्थिर येतो.

चिप्सच्या उभ्या डब्याचा जुगाड या दोन्हींच्या मधला. डब्याचं तोंड फ्लॅशपेक्षा मोठं नसतं, पण दिवा पुढे सरकतो आणि जवळून मोठा दिसतो. पहिला प्रयोग म्हणून झकास, चकचकीत पाठीच्या किड्यांना मात्र अपुरा.

पडद्याची खरी अडचण चतुरासारख्या बुजऱ्या गिऱ्हाइकांची. अर्ध्या मीटरवरून २० सेंटीमीटरचा कागदही लहानच दिसतो आणि जवळ नेला तर चतुर उडून जातो. त्याच्यासाठी उजाडता उजाडता टेकडीवर पोहोचावं. ऊन चढायच्या आधी तो गारठलेला असतो आणि पडदा अगदी तोंडाशी नेला तरी सहसा हलत नाही.