अनपेक्षित व्होल्टेज (घरगुती वीजपुरवठा)

भारतात घरगुती सिंगल फेज वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झची असते. भारतीय विद्युत नियम, 1956 मधील 54 व्या नियमाने लघुदाब पुरवठ्यात 6 टक्के चढउतार मान्य केला होता. त्या हिशेबाने मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजायचे यंत्र) 216 ते 244 दिसले तर चिंतेचे कारण नाही. आकडा याबाहेर गेला तर दोष पुरवठ्याच्या लाइनीत, घरातल्या वायरिंगमध्ये किंवा मोजण्याच्या पद्धतीत असू शकतो. शेवटची शक्यता आधी तपासलेली बरी.

बटण बंद, बल्ब काढलेला, तरी होल्डरमध्ये डिजिटल मल्टिमीटर 70-80 व्होल्ट दाखवतो, हा अनुभव सर्रास येतो. हे भासमान व्होल्टेज. एकाच पाइपातून बंद वायरीच्या शेजारून चालू फेजची (वीज आणणारी) वायर गेली की दोघींमध्ये बारीकसा कपॅसिटर तयार होतो आणि त्यातून किंचित प्रवाह बंद वायरीत येतो. मीटरचा रोध खूप मोठा, साधारण 10 मेगाओहम असल्याने एवढ्याशा प्रवाहानेही आकडा उमटतो. होल्डरला साधा, तारेचा 40 वॅटचा बल्ब लावून त्याच दोन टोकांवर पुन्हा मोजले की आकडा शून्याजवळ येतो. निऑनचा टेस्टरही असाच फसतो. त्यामुळे दोन वायरी जोडलेला होल्डर आणि त्यात बल्ब, हे जुन्या वायरमनचे साधन अशा वेळी महागड्या मीटरपेक्षा जास्त खरे बोलते. मात्र आकडा भासमान ठरेपर्यंत ती वायर चालूच समजावी.

सर्वांत घातक दोष न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी वायर, तुटण्याचा. तो घरातच तुटला असेल आणि एखादे उपकरण चालू असेल, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. मीटर मात्र त्या दोन भोकांमध्ये शून्य दाखवतो, आणि न्यूट्रल ते अर्थिंग मोजल्यास 230 च्या आसपास. सगळी बटणे बंद केली की न्यूट्रलच्या भोकातला टेस्टर विझतो.

डीपीजवळ (वस्तीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) न्यूट्रल तुटला तर वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी सिरीजमध्ये जोडली जातात. समजा एका घरी 100 वॅटचा बल्ब आहे, दुसऱ्या फेजवर शेजाऱ्याची 1000 वॅटची इस्त्री. दोन फेजमधले 400 व्होल्ट रोधाच्या प्रमाणात वाटले जातात: बल्बला सुमारे 364, इस्त्रीला जेमतेम 36. एका घरी दिवे भगभगतात, टीव्ही जळतो. दुसऱ्या घरी पंखा कण्हतो. शेजाऱ्याने गिझर लावला की आकडे पुन्हा हलतात. अशा वेळी आधी मेन स्विच पाडायचा, कारण शोधणे नंतर. काही ठिकाणी अर्थिंगच न्यूट्रल म्हणून जोडून काम भागवतात. त्याने फ्रिजच्या पत्र्यापर्यंत करंट येऊ शकतो.

115 च्या आसपासचा आकडा वेगळे काही सांगतो. डेल्टा-स्टार डीपीला (वरची गुंडाळी त्रिकोणात, खालची ताऱ्यासारखी जोडलेला ट्रान्सफॉर्मर) वरून येणारी एक फेज गेली की खालच्या एका फेजवर पूर्ण आणि दोन फेजवर निम्म्याच्या जवळपास व्होल्टेज येते. नेमकी वाटणी भारावर ठरते. दिवे मिणमिणतात, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू न होता नुसता गुरगुरतो आणि तापतो.

आकडा एरवी 230, गिझर लावताच 180, असे असेल तर आधी शेजारच्या घरी मोजावे. तिथेही पडत असेल तर लाइन कमजोर. तिथे ठीक असेल तर विजेचा मीटर, कटआउट (फ्यूज) वा मेन स्विचमधला ढिला स्क्रू हा पहिला संशयित; जळका वास किंवा काळवंडलेले टोक तो पक्का करते. पुरवठा बंद केल्याशिवाय तो आवळायला जाऊ नये, आणि विजेचा मीटर आणि त्याच्या पुरवठ्याकडचा भाग वीज कंपनीच्या लाइनमनलाच उघडू द्यावा.

चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर स्वस्त मीटर 230 च्या जागी 255 दाखवतो. तो सरासरी मोजून साइन लहरीच्या 1.11 या गुणकाने वाढवतो; ट्रू आरएमएस मीटरवर (लहर कशीही असो, खरे परिणामी व्होल्टेज मोजणारा) तोच आकडा 230 येतो.