फळांचा हँड पाय आणि पाण्याचा हिशोब

करंजी तेलात फुटली तर आपण आधी मुरडीला दोष देतो, आणि बहुतेकदा तो खराही असतो. फळ भरलेला हँड पाय (हातात धरून खायचा, करंजीसारखा बंद केलेला पाश्चात्त्य ‘पाय’, म्हणजे pie) ओव्हनमध्ये फुटतो तेव्हा मात्र कडा कितीही नीट दाबलेल्या असोत, गडबड पाण्याने केलेली असते. करंजीचं सारण कोरडं असतं. खोबरं, खसखस, भाजलेला रवा, पिठीसाखर. ओल्या नारळाचं केलं तरी ते आधी आटवून घट्ट करतात. सफरचंदात साधारण 85 टक्के पाणी असतं, स्ट्रॉबेरीत 90 टक्क्यांच्याही वर. एवढं पाणी मैद्याच्या पातळ पारीत कोंडून आपण ते 200 अंश सेल्सिअसला भाजायला ठेवतो आणि वर अपेक्षा करतो की बाहेरून खुसखुशीत व्हावं, आतून रसाळ राहावं. ही अपेक्षा पुरी होऊ शकते. त्यासाठी पाणी कुठे हवं, कुठे नको आणि कधी सुटावं, एवढं कळलं की पुरे.

सुरुवात पारीपासून. मैद्यात पाणी पडलं की त्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं चिवट जाळं तयार होतं. पोळीला ते हवंच असतं, इथे ते बेताचंच हवं. मोहन घातल्यावर करंजी खुसखुशीत का होते, याचं उत्तर इथेच आहे: पिठाच्या कणांवर स्निग्धाचा थर बसतो, पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि जाळं अपुरं राहतं. हँड पायमध्ये मात्र सगळं लोणी पिठात चोळून मुरवायचं नसतं. त्याचे थोडे तुकडे गार आणि अखंड राहायला हवेत. लाटताना त्यांच्या चपट्या चकत्या होतात. ओव्हनमध्ये त्या वितळतात आणि लोण्यातल्या साधारण 16 टक्के पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे 1,600 पट वाढतं. ही वाफ पिठाचे थर एकमेकांपासून उचलते, तोवर पीठ भाजून घट्ट होतं, आणि पदर सुटतात.

साट्याच्या करंज्या करणाऱ्यांना हे पदर काही नवे नाहीत. तिथे तुपात पाणी जवळपास नसतंच, म्हणून काम वेगळ्या वाटेने होतं. फेसलेल्या तुपात कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची पिठी घालून केलेला साटा पोळ्यांच्या मध्ये बसतो आणि थरांना चिकटू देत नाही. उचलायला लागणारी वाफ पिठातल्या पाण्याची. माझ्या मते साटा ही स्वयंपाकघरातली फार हुशार युक्ती आहे, कारण निव्वळ तूप लावलं तर ते पिठात जिरून जातं. पिठीमुळे ते जागच्या जागी राहतं.

लोणी 32 ते 35 अंशांना वितळतं. मे महिन्यात मुंबईच्या किंवा नागपूरच्या स्वयंपाकघरात तेवढं तापमान ओव्हन न लावताच असतं! लोणी ओट्यावरच वितळलं की ते मैद्यात मुरतं आणि पदरांऐवजी नानकटाईसारखा भुसभुशीत पोत मिळतो. उपाय सोपा आहे. लोणी फ्रीझरमध्ये कडक करा आणि मोठ्या भोकांच्या किसणीवर थेट मैद्यात किसा. 250 ग्रॅम मैद्याला 150 ग्रॅम लोणी आणि पीठ जेमतेम गोळा होईल इतकंच बर्फाचं पाणी, साधारण चार-पाच मोठे चमचे. घरी काढलेलं पांढरं लोणी वापरणार असाल तर पाणी आणखी हात राखून घाला, कारण त्यात ताकाचा अंश जास्त असतो. मग गोळा तासभर फ्रिजमध्ये. लोणी पुन्हा कडक होतं, ग्लुटेनचा ताण सैल होतो आणि लाटलेली पारी आखडत नाही.

आता फळ. सफरचंदाच्या फोडींवर साखर भुरभुरून वाटी दहा-पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. तळाशी रस साठलेला दिसेल. बाहेरच्या साखरेने पेशींतलं पाणी ओढून काढलेलं असतं. फोडी तशाच पारीत भरल्या तर हाच रस आत सुटतो, उकळतो आणि शिवण उघडून ट्रेवर जळतो. म्हणून सारण आधी शिजवून घ्यायचं. पण शिजवलं की आपल्याकडे सहज मिळणाऱ्या लाल, गोड सफरचंदांचा लगदा होतो.

इथे एक सुंदर रसायनशास्त्र मदतीला येतं. फळांच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. उकळत्या उष्णतेत पेक्टिन विरतं आणि फोड कोसळते. पण 60 ते 70 अंशांच्या दरम्यान फळातलंच पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे विकर (एन्झाइम) जोमाने काम करतं. ते पेक्टिनच्या साखळीवरचे मिथाइल गट काढून टाकतं, मोकळ्या झालेल्या जागा फळातल्या कॅल्शियमने जोडल्या जातात आणि भिंती बळकट होतात. नंतर फोडी उकळल्या तरी आकार बऱ्यापैकी टिकतो. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात, त्यामागेही पेक्टिन आणि कॅल्शियमचीच ही जोडी असते.

थर्मामीटर नसला तरी हे जमतं. फोडी, साखर आणि लिंबाचा रस जाड बुडाच्या पातेल्यात झाकून अगदी मंद आचेवर ठेवा. झाकणाच्या आत वाफेचे थेंब धरावेत, पण रसात बुडबुडा उठू नये. पंधरा मिनिटांनी फोड दाबून बघा: थोडी लवचीक लागते, पण तुटत नाही. लिंबाच्या आंबटपणामुळे फोडी काळ्याही पडत नाहीत.

नंतर आच वाढवायची आणि गार पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर ओतायचं. दोन मोठ्या सफरचंदांना एक मोठा चमचा पुरतो. स्टार्चचे कण साधारण 65 अंशांपासून पाणी पिऊन फुगायला लागतात, पण खरा दाटपणा उकळीच्या आसपास येतो. म्हणून मध्यभागी बुडबुडे फुटून रस पांढुरक्याचा चकचकीत होईपर्यंत थांबा. अर्धवट शिजलेलं कॉर्नफ्लोअर जिभेवर खडूसारखं लागतं. उलट लिंबाचा रस जास्त झाला आणि सारण खूप वेळ उकळत राहिलं, तर आम्ल स्टार्चच्या साखळ्या तोडतं आणि दाट झालेलं पुन्हा सैल पडतं. हँड पाय करून फ्रीझरमध्ये साठवायचे असतील तर कॉर्नफ्लोअरऐवजी साबुदाण्याची मिक्सरवर केलेली बारीक पूड घ्या. कॉर्नफ्लोअरचा जेल गोठून वितळला की पाणी सोडतो, साबुदाण्यातल्या टॅपिओका स्टार्चचा तुलनेने कमी.

अमेरिकेच्या दक्षिण भागात हे पाय पूर्वापार सुकवलेल्या सफरचंदांचे आणि पीचचेही करतात, आणि तळतात. हिवाळ्यासाठी फळ वाळवून ठेवायची गरज त्यामागे होती, पण पाण्याचा प्रश्नही त्यात आपोआप निम्मा सुटला. आपल्याकडे जर्दाळू किंवा सुकं अंजीर भिजवून, शिजवून तसंच करता येईल. पहिल्यांदा करणाऱ्यांनी मी तर म्हणेन तिथूनच सुरुवात करावी.

सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, नाहीतर पारीतलं लोणी तिथेच वितळेल. पारीवर आधी अर्धा चमचा भाजलेला रवा पसरला तर उरलासुरला रस तो शोषतो. सारण कमी भरा, कडेला पाण्याचं बोट फिरवा, दाबा, हवी तर करंजीसारखी मुरड घाला किंवा कातणं फिरवा. वर सुरीने दोन-तीन चिरा द्यायलाच हव्यात. वाफेला वाट दिली नाही तर ती शिवणीतून वाट काढते. मग पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये.

भाजताना सगळ्यात हट्टी भाग म्हणजे बूड. हवा उष्णता फार संथपणे पोहोचवते, धातू झटकन. म्हणून ओव्हनसोबत रिकामा ट्रेही तापवा आणि गार पाय थेट त्या गरम ट्रेवर ठेवा. बूड ओलं व्हायच्या आत घट्ट होतं. वरून दुधाचा हात फिरवला तर दुधातली प्रथिनं आणि लॅक्टोज यांच्यात 140 अंशांच्या पुढे मेयार अभिक्रिया वेगाने होते, तांबूस रंग आणि भाजल्याचा वास तिचाच. 200 अंशांना 20 ते 25 मिनिटं लागतात. फिकट असतानाच घाईने बाहेर काढू नका. रंग फिकट आहे याचा अर्थ पारीत अजून पाणी आहे.

जाळीवर गार करा. ताटात ठेवले तर बुडाखालची वाफ तिथेच पाणी होऊन बसते. दुसऱ्या दिवशी मात्र पारी थोडी मऊ पडतेच, कारण ओलं सारण आणि कोरडी पारी शेजारी असली की पाणी ओल्याकडून कोरड्याकडे सरकत राहतं. असा पाय मायक्रोवेव्हमध्ये तापवला तर आणखी बिघडतो: आतलं पाणी तापून वाफ पारीत शिरते, पण भोवतालची हवा गारच असल्याने पारी काही वाळत नाही. 160 अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा, किंवा जाड तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेका. पारीतलं पाणी उडतं आणि पदर पुन्हा कुरकुरतात.