वृद्धांमधील निर्जलीकरण

पुरेसे द्रव पोटात न गेल्यामुळे उतारवयात शरीरातील पाणी घटण्याची स्थिती. जुलाब-उलट्यांत पाण्याबरोबर क्षारही जातात; इथे मुख्यतः पाणीच कमी पडते आणि रक्त घट्ट होत जाते. कोल्हापूर परिसरात ‘अंगातलं पाणी कमी झालंय, सलाईन लावलंय’ एवढ्यावर हा विषय बहुधा संपतो.

मूळ अडचण तहानेची. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७ निरोगी वृद्ध आणि ७ तरुण पुरुषांना २४ तास पाण्यावाचून ठेवले. वृद्धांच्या रक्तातील सोडियम तरुणांपेक्षा जास्त वाढले, तरी त्यांना तहान कमी लागली, तोंडही कोरडे वाटले नाही. पाणी पुढे ठेवल्यावरही ते कमीच प्याले. म्हणजे ‘तहान लागली की पितील’ हा घरच्यांचा भरवसा पोकळ आहे. त्यात वयपरत्वे मूत्रपिंडांची पाणी राखण्याची क्षमता उतरते आणि रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्या भर घालतात. दुखऱ्या गुडघ्यांनी रात्री लघवीला उठणे नको म्हणून संध्याकाळपासून पाणी टाळणारेही थोडे नाहीत.

ओळखण्याच्या घरगुती खुणांवर संशोधनाने पाणीच फिरवले आहे. कातडी चिमटीत धरून पाहणे, जिभेची कोरड, लघवीचा रंग यांपैकी एकही खूण वृद्धांत एकटी विश्वासार्ह नाही, असा निष्कर्ष २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात) निघाला. सुरकुतलेली कातडी तशीही सावकाशच सपाट होते. खात्रीची कसोटी रक्ताच्या ऑस्मोलॅलिटीची, म्हणजे रक्तात विरघळलेल्या क्षारादी कणांच्या प्रमाणाची: किलोग्रॅममागे ३०० मिलिऑस्मोलच्या वर गेल्यास निर्जलीकरण. मात्र घरात आधी दिसतो तो अचानक उडालेला गोंधळ, तोल जाणे, बद्धकोष्ठता किंवा लघवीचा जंतुसंसर्ग. आणि गोंधळाला ‘वयच झालं आता’ म्हणून सोडून दिले जाते.

चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेत उन्हाची धास्ती असते, त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या हाती पाण्याची बाटली दिली जाते. आषाढातल्या झडीत तेवढी आठवण राहत नाही, आणि घरबसल्या होणारी घट तेव्हाही चुकत नाही.

युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस दिवसाला स्त्रियांना किमान १.६ आणि पुरुषांना २ लिटर पेयांची आहे. चहाने पाणी उलट घटते ही समजूत चुकीची. नेहमीच्या प्रमाणातला चहा या हिशेबात धरतात. ताक, नाचणीची आंबील, कोकम सरबतही चालते. पांढरा रस्सा द्रवच खरा, पण त्यातले मीठ आणि चरबी पाहता तो रोजचा उपाय नव्हे. सकाळच्या गोळ्यांबरोबर भरलेला पेला आणि पुढे दर दोन-अडीच तासांनी आवडीचे काहीतरी, ही पद्धत ‘पाणी प्या’ म्हणत राहण्यापेक्षा बरी. हृदय निकामी होत असलेल्या किंवा मूत्रपिंडाच्या गंभीर रुग्णांना हे आकडे लागू नाहीत. त्यांचे प्रमाण डॉक्टरच ठरवतात.