मुख्याध्यापकांचे प्रशिक्षण : शेरेबुकापासून पन्नास तासांपर्यंत

अनुदानित माध्यमिक शाळेत नवा मुख्याध्यापक रुजू होतो, त्या दिवशीचा मुख्य कार्यक्रम म्हणजे चार्ज देणे-घेणे. जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेडस्टॉक (टिकाऊ सामानाचे) रजिस्टर, शिक्षकांच्या सेवापुस्तिका, वेतन देयकांच्या फायली, कपाटांच्या किल्ल्या आणि शाळेचा गोल शिक्का यांची यादी होते, दोन्ही बाजूंच्या सह्या होतात आणि कालपर्यंत नववीला भूगोल शिकवणारे सर शाळेचे प्रमुख होतात. शिक्षकांच्या तासाला बसून त्यांना काय सांगायचे, वर्षाचे नियोजन कसे आखायचे किंवा संस्थाचालक आणि पालक यांच्यातला वाद कसा हाताळायचा, याचा उल्लेख त्या यादीत नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मुख्याध्यापकांसाठी दरवर्षी किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ती ज्या व्यवस्थेत रुजवायची आहे, तिने मुख्याध्यापकाकडे प्रथमपासून दप्तर सांभाळणारा माणूस म्हणूनच पाहिले, हे तिचा इतिहास पाहिल्यावर लक्षात येते.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्रानंतर, १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले, आणि शाळेवर देखरेख करण्याचा अधिकार शाळेबाहेरच्या माणसाकडे, म्हणजे इन्स्पेक्टर आणि डेप्युटी इन्स्पेक्टर यांच्याकडे गेला. पुढे निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. डेप्युटीसाहेबांनी परीक्षा घ्यायची आणि किती मुले उतरली त्यावर शाळेचे पैसे ठरायचे, असा तो व्यवहार होता. अशा व्यवस्थेत हेडमास्तराकडून दोनच गोष्टी अपेक्षित असणार, मुले परीक्षेला तयार आणि रजिस्टरे चोख. या तपासणीच्या मर्यादा बाहेरच्यांना दिसत नव्हत्या असे नाही. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांवरील देखरेख अपुरी आणि सदोष असल्याचे स्पष्ट लिहिले. डेप्युटीची वर्षातून एक भेट फारशी उपयोगाची नाही, तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि अधिकाऱ्यांनी आगाऊ सूचना न देताही शाळेत जावे, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेच्या शेरेबुकात, म्हणजे तपासणीचे शेरे लिहिण्याच्या वहीत, नोंदवलेला अभिप्राय आणि वर्गात प्रत्यक्ष चाललेले शिक्षण यांत अंतर असू शकते, हे त्यामागचे निरीक्षण आजही जुने झालेले नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय मात्र लवकर झाली. पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज एकोणिसाव्या शतकातले. माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईत १९०६ मध्ये सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. शाळा चालवण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागते, ही कल्पना त्यात नव्हती. ती कला माणसे संस्थेत राहून शिकत. १८८० मध्ये सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलची व्यवस्था वामन शिवराम आपटे यांनी पाहिली आणि पुढे तेच फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत आजीव सदस्यांच्या, म्हणजे संस्थेला आयुष्य वाहिलेल्या शिक्षक-कार्यकर्त्यांच्या, परंपरेने हेच काम केले. ज्येष्ठांच्या हाताखाली वाढलेला कार्यकर्ता एका गावची शाळा उभी करून दुसऱ्या गावी जायचा. हे प्रशिक्षणच होते, फक्त त्याला अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र नव्हते. ज्या संस्थांकडे अशी परंपरा नव्हती त्यांच्यापुढे प्रश्न तसाच राहिला.

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळेच्या यशापयशात मुख्याध्यापकाचे स्थान मध्यवर्ती मानले. १९५३ मध्ये सिमल्याजवळ तारादेवी येथे मुख्याध्यापकांचे अखिल भारतीय चर्चासत्र भरले आणि त्या दशकात अध्यापक महाविद्यालयांना जोडलेल्या विस्तार सेवा विभागांमधून अशा चर्चासत्रांना चालना मिळाली. अधिकाऱ्यांनी फर्मान सोडायचे आणि मुख्याध्यापकांनी ते लिहून घ्यायचे, या रिवाजाऐवजी मुख्याध्यापकांनीच आपल्या शाळेचे प्रश्न मांडून एकमेकांशी बोलावे, हे त्यांतले नावीन्य होते. त्यानंतरच्या अनेक प्रशिक्षणवर्गांत एवढा मोकळेपणाही राहिला नाही, असे म्हणावे लागते.

या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान कोठारी आयोगाचे (१९६४-६६) आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठ या ग्रामीण शिक्षणसंस्थेच्या उभारणीत ते होते आणि गावपातळीवरची शाळा, तिचे शिक्षक आणि तिच्या अडचणी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळांचा समूह बांधावा, त्यांनी साधने आणि अनुभव वाटून घ्यावेत आणि खात्याने काही अधिकार या समूहाकडे सोपवावेत, ही शाळासमूहाची कल्पना आयोगाने मांडली. प्रत्येक शाळेने हाताशी असलेल्या साधनांत काय सुधारता येईल याचा स्वतःचा आराखडा करावा, या संस्थात्मक नियोजनाचा नाईकांनी पुढेही सातत्याने पुरस्कार केला. दोन्ही कल्पनांत मुख्याध्यापक हा हुकूम पाळणारा शेवटचा दुवा न राहता निर्णय घेणारा पहिला माणूस ठरतो. साहजिकच त्याला निर्णय घेण्याचे शिक्षण द्यावे लागते. अधिकारच सोपवले गेले नाहीत, म्हणून त्या शिक्षणाची निकडही कोणाला भासली नाही.

दिल्लीत दरम्यान संस्था उभी राहत होती, पण तिचा रोख अधिकाऱ्यांवर होता. १९६२ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आशियाई देशांतील शैक्षणिक नियोजनकार आणि प्रशासकांसाठी केंद्र सुरू झाले. पुढे केंद्र सरकारने ते ताब्यात घेऊन त्याचे राष्ट्रीय स्टाफ कॉलेज केले आणि १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था, म्हणजे नीपा, हे नाव मिळाले. जिल्हा पातळीवरील शिक्षणाधिकाऱ्यांसाठी तिने पदविका अभ्यासक्रम चालवला, त्याचा काही काळ संस्थेत आणि काही काळ स्वतःच्या जिल्ह्यात प्रत्यक्ष कामावर असे. महाराष्ट्रात त्याच सुमारास, १ मे १९६२ पासून, जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले. तपासणी करणाऱ्याचे पदनाम ‘विस्तार अधिकारी’ असे झाले. नावातून तपासणी गेली, तरी गावात ‘साहेब तपासणीला आले’ हाच शब्दप्रयोग टिकला. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शिक्षणशास्त्र संस्थेचे १९८४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत रूपांतर झाले, आणि सेवांतर्गत प्रशिक्षणाला राज्यपातळीवरचे घर मिळाले.

मुख्याध्यापकपदाचे स्वरूप मात्र कोणत्याही प्रशिक्षण संस्थेपेक्षा एका नियमाने अधिक ठरवले. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) अधिनियम १९७७ मध्ये झाला आणि त्याखालची नियमावली १९८१ मध्ये आली. तिच्या तिसऱ्या नियमानुसार माध्यमिक शाळेच्या प्रमुखासाठी पदवी, शिक्षणशास्त्राची पदवी आणि पदवीनंतरचा पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो, त्यातील किमान दोन वर्षे शिक्षणशास्त्राच्या पदवीनंतरची असावी लागतात. या अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला नेमायचे. या नियमाला नावे ठेवणे सोपे आहे, पण तो कशासाठी आला हे विसरू नये. संस्थाचालकाच्या पुतण्याला किंवा मर्जीतल्या शिक्षकाला वर बसवण्याला या सेवाज्येष्ठतेने आळा घातला आणि सामान्य शिक्षकाला न्यायालयात उभे राहण्यासाठी आधार दिला. ज्येष्ठतायादी हा शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आणि न्यायालयीन वादांचा नेहमीचा विषय आहे, ते उगीच नाही. किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागली. शाळा चालवण्याच्या तयारीचा या नियमात उल्लेखच नाही. मोठ्या शाळेत पर्यवेक्षक आणि उपमुख्याध्यापक या पायऱ्यांवरून गेलेल्याला थोडा सराव असतो. लहान शाळेत तोही नसतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका अनेक शिक्षकांनी पदरच्या पैशाने आणि सुट्टीच्या वेळात केली, तिचे श्रेय व्यवस्थेपेक्षा त्या शिक्षकांना द्यायला हवे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, उभ्या राहिल्या. त्यांच्या रचनेत नियोजन व व्यवस्थापन असा स्वतंत्र विभाग होता आणि प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक हे त्यांच्या प्रशिक्षणाचे एक लक्ष्य होते. महाराष्ट्रात १९९४ मध्ये प्राथमिक शाळांचे गट करून ४८६० केंद्रे पाडली गेली आणि त्यांवर देखरेखीसाठी केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले, त्यात शाळासमूहाच्या जुन्या कल्पनेची सावली दिसते. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नव्वदच्या दशकात शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची राज्य संस्था, मिपा, सुरू झाली. यंत्रणा वाढली तशी माहितीची मागणीही वाढली. प्रशिक्षणाचा दिवस सादिल (किरकोळ) खर्चाचे हिशेब, पोषण आहाराच्या नोंदी, संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदांची मंजुरी), माहितीच्या अधिकारातील अर्ज आणि पुढे ऑनलाइन प्रणालींची पासवर्डं यांतच संपू लागला. हे विषय अनावश्यक होते असे नाही. जनरल रजिस्टरातली जन्मतारखेची एक चूक विद्यार्थ्याला पुढे अनेक वर्षे नडते, आणि तिची जबाबदारी मुख्याध्यापकाच्याच सहीवर येते. परंतु प्रशिक्षण म्हणजे नव्या परिपत्रकाचे वाचन, अशी समजूत याच काळात पक्की झाली.

या समजुतीला छेद देण्याचा प्रयत्न २००९ नंतर झाला. शिक्षण हक्क कायद्याने दीडशेहून अधिक मुलांच्या प्राथमिक आणि शंभरहून अधिक मुलांच्या उच्च प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक ठरवून दिला. २०१२ मध्ये दिल्लीच्या त्याच, म्हणजे पूर्वीच्या नीपा, संस्थेत राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्र स्थापन झाले. तिथे तयार झालेल्या अभ्यासक्रमात ‘प्रशासन’ या शब्दाच्या पुढे ‘नेतृत्व’ हा शब्द आला आणि स्वतःचा विकास, अध्यापन-प्रक्रियेत बदल, संघबांधणी, नवोपक्रम आणि समाजाशी भागीदारी हे विषय हिशेबाच्या वह्यांच्या बरोबरीने मांडले गेले. २०१५ मध्ये आलेल्या शाळासिद्धी या स्वयंमूल्यमापनाच्या चौकटीतही शाळेचे नेतृत्व हे स्वतंत्र क्षेत्र धरले गेले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या निष्ठा कार्यक्रमाने सुमारे ४२ लाख शिक्षक आणि शाळाप्रमुखांचे उद्दिष्ट ठेवले आणि त्याच्या ‘नॅशनल इनिशिएटिव्ह फॉर स्कूल हेड्स अँड टीचर्स होलिस्टिक अ‍ॅडव्हान्समेंट’ या पूर्ण नावातच शाळाप्रमुखांना शिक्षकांच्या आधी स्थान दिले. कोरोनाकाळात, २०२० च्या ऑक्टोबरपासून, तो दीक्षा या प्रणालीवर ऑनलाइन गेला. प्रशिक्षण घरबसल्या सर्वांपर्यंत पोहोचले, हे खरे, पण व्हिडिओ चालू ठेवून प्रमाणपत्र डाउनलोड करण्याची सवयही त्याच वाटेने आली. तारादेवीच्या चर्चासत्रात मुख्याध्यापक एकमेकांसमोर बसत होते. आता ते पडद्यासमोर एकेकटे बसतात.

२०२० च्या धोरणाने मुख्याध्यापकांसाठी पन्नास तास सांगितले, आणि शाळासमूहाचा विचार कोठारी आयोगाने मांडूनही अमलात आला नाही, ही कबुलीही त्याच दस्तऐवजात दिली. त्यात आणखी एक वाक्य आहे, ज्याची चर्चा पन्नास तासांइतकी होत नाही. नेतृत्वाची आणि व्यवस्थापनाची क्षमता दाखवणाऱ्या शिक्षकांना शैक्षणिक नेतृत्वाच्या पदांसाठी कालांतराने तयार केले जाईल, असे धोरण म्हणते. म्हणजे तयारी आधी आणि खुर्ची नंतर. महाराष्ट्राने केंद्रप्रमुखांची निम्मी पदे विभागीय स्पर्धा परीक्षेने भरण्याचे ठरवून निवडीचा असा एक मार्ग उघडला आहे. खाजगी अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकाला मात्र १९८१ चा तिसरा नियमच लागू आहे. सेवाज्येष्ठतेने पंचावन्नाव्या वर्षी पद मिळालेला मुख्याध्यापक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. त्याच्या वाट्याला पन्नास तासांची तीन वर्षे येतात, आणि त्यांतले पहिले वर्ष बहुधा चार्जच्या यादीतली रजिस्टरे समजून घेण्यातच जाते.