काक्षीवरचे शोधनिबंध कुठे शोधायचे?

२०१९च्या अखेरीस मृग तारकासमूहातला लालसर तारा काक्षी (बीटलग्यूज) मंद व्हायला लागला. एरवी ०.५च्या आसपास असणारी त्याची प्रत (तेज सांगणारा आकडा, तेज घटलं की तो वाढतो) फेब्रुवारी २०२०पर्यंत १.६वर गेली, म्हणजे तेज निम्म्याहूनही कमी झालं. ‘आता स्फोट होणार’ असे संदेश मोबाइलवर भराभर फिरले. स्फोट झाला नाही. पण बी.एस्सी.च्या एखाद्या मुलीने आज प्रकल्पाला काक्षी घेतला आणि नुसतं गूगल केलं, तर तिच्या पदरात त्याच बातम्या पडतात. याची हळहळ वाटते, कारण खगोलशास्त्राइतकं नीट लावून ठेवलेलं आणि सगळ्यांना फुकट खुलं असलेलं संशोधनाचं दफ्तर फार थोड्या विषयांकडे आहे.

सुरुवात करावी ‘सिंबाद’पासून. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला १९७२ साली एक खगोलीय माहिती केंद्र सुरू झालं, सिंबाद ही ताऱ्यांच्या माहितीची ऑनलाइन नोंदवही त्यांचीच. अडचण अशी, की एकाच ताऱ्याला ढीगभर ओळखपत्रं असतात. काक्षी म्हणजेच अल्फा ओरायनिस, हेन्री ड्रेपर यादीतला ३९८०१ क्रमांकाचा आणि हिप्पार्कस यादीतला २७९८९ क्रमांकाचा तारा. कुठला संशोधक निबंधात यातलं काय लिहील, सांगता येत नाही. सिंबादमध्ये यातलं काहीही टाका, बाकीची सगळी नावं समोर येतात आणि त्या ताऱ्याचा उल्लेख असलेल्या निबंधांची यादीही.

हे जुळवतात कसं? मुख्य आधार आकाशातल्या जागेचा. पृथ्वीवरच्या रेखांश-अक्षांशांसारखे आकाशात विषुवांश आणि क्रांती असतात: काक्षीचा विषुवांश ५ तास ५५ मिनिटं, क्रांती उत्तर ७ अंश २४ कला. या बिंदूभोवती लहानसं वर्तुळ कल्पून त्यात कुठल्या यादीतलं काय पडतं ते पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण तारे स्वतःच्या गतीने आकाशात हळूहळू सरकतात, पृथ्वीचा अक्ष डोलतो, म्हणून निर्देशांक कुठल्या सालचे ते आधी ठरवावं लागतं. खरी पंचाईत रेडिओ आणि क्ष-किरण स्रोतांची. तिथे जागेतली अनिश्चितता इतकी मोठी असू शकते, की एकाच वर्तुळात दृश्य प्रकाशातले डझनभर तारे बसतात. मग त्यातला नेमका कोण?

इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या तिसऱ्या रेडिओ यादीतल्या २७३व्या स्रोताचं असंच झालं होतं. १९६२मध्ये चंद्राने त्याचं पिधान केलं, म्हणजे तो चंद्राआड झाकला गेला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने स्रोत चंद्राआड गेल्याची आणि परत दिसल्याची वेळ अचूक टिपली. चंद्राची कड त्या क्षणी कुठे होती हे गणिताने ठाऊक होतं, त्यामुळे स्रोताची जागा पक्की झाली. तिथे होता साधारण १३व्या प्रतीचा ‘तारा’. १९६३मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातली ताम्रसृती, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीत तांबड्या बाजूकडे झालेली वाढ, ओळखली, जवळजवळ १६ टक्के, आणि क्वासार, म्हणजे असे ताऱ्यांसारखे दिसणारे रेडिओ स्रोत, हे दूरच्या दीर्घिकांशी नातं असलेलं काहीतरी आहे हे उमगलं. दोन याद्यांतल्या नोंदी एकाच वस्तूच्या आहेत, एवढं ठरवण्यात कधीकधी असा अख्खा शोध दडलेला असतो. (सिंबादमध्ये ग्रह आणि धूमकेतू शोधू नका, ते सूर्यमालेबाहेरच्या वस्तूंसाठीच आहे.)

निबंध वाचायला मात्र ‘एडीएस’वर जायचं. नासाच्या पैशावर चालणारी ही सोय अमेरिकेतल्या केंब्रिजचं खगोलभौतिकी केंद्र सांभाळतं. एके काळी तिची एक प्रत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतही असायची. इथे प्रत्येक निबंधाला १९ जागांचा संकेतांक असतो. १९३१ साल, ॲस्ट्रोफिजिकल जर्नल, खंड ७४, पान ८१, आणि शेवटी आडनावाचं आद्याक्षर ‘सी’: झाला चंद्रशेखर यांचा श्वेतबटूंच्या (इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या लहान, दाट अवशेषांच्या) कमाल वस्तुमानाचा निबंध. चॅटबॉटने दिलेला संदर्भ खरा की रचलेला, हे इथे अर्ध्या मिनिटात कळतं, आणि तेवढी तपासणी केल्याशिवाय तो प्रकल्पात घालूच नये.

काक्षीवरचा २०२१चा ‘नेचर’मधला निबंध उघडा. पृष्ठभागाचा काही भाग थंड झाला आणि ताऱ्याने आधी बाहेर टाकलेल्या वायूतून धूळ तयार होऊन ती आपल्या बाजूने आड आली, असं त्यात मांडलंय. त्याच्या संदर्भांवर टिचकी मारली की मागे जाता येतं. त्याचा उल्लेख कुणी केला ते पाहिलं की पुढे, म्हणजे हे स्पष्टीकरण कुणाला पटलं आणि कुणी हरकत घेतली तिथवर. निव्वळ शब्द टाकून शोधण्यापेक्षा हे कितीतरी फलदायी आहे.

कणभौतिकीसाठी अशीच सोय ‘इन्स्पायर’वर आहे. आणि भौतिकशास्त्राच्या बहुतेक शाखांसाठी पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१मध्ये सुरू केलेलं ‘आर्काइव्ह’ आहेच. मात्र तिथे निबंध तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच चढवता येतो. जुलै २०२३मध्ये एलके-९९ हा खोलीच्या तापमानाला अतिवाहक होणारा (विजेला अजिबात विरोध न करणारा) पदार्थ सापडल्याचा दावा तिथेच आला आणि जग डोक्यावर घेतलं गेलं. काही आठवड्यांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणांहून उलट निष्कर्ष आले, तेही तिथेच. बातमी वाचून थांबणाऱ्यांपर्यंत ते क्वचितच पोचले.

निबंध हाताशी आले की आकडेही घ्यावेत. बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना, एएव्हीएसओ, १९११पासून हौशी निरीक्षकांच्या नोंदी जमवते आणि त्या कुणालाही उतरवून घेता येतात. २०१९ आणि २०२० सालच्या काक्षीच्या नोंदी घ्या, आडव्या अक्षावर तारीख आणि उभ्यावर प्रत मांडा. प्रतीचा अक्ष उलटा ठेवायला विसरू नका, कारण तारा जितका मंद तितका आकडा मोठा.