‘ॲडमिशन ओपन’ आणि प्रवेशाचे नियम: शाळेच्या वेबसाइटवर नक्की काय टाकायचं?

डिसेंबर लागला की मुंबईत रिक्षांच्या पाठीवर, स्टेशनबाहेरच्या खांबांवर आणि सोसायट्यांच्या गेटसमोर ‘ॲडमिशन ओपन’ झळकायला लागतं. त्याच सुमारास माझा फोन वाजायला लागतो. मी चार शाळांच्या वेबसाइट सांभाळतो, दोन मराठी माध्यमाच्या आणि दोन इंग्रजी. फोनवरचं वाक्य दरवर्षी तेच: “सर, ते ॲडमिशनचं तेवढं साइटवर टाकून द्या ना.” मी विचारतो, ॲडमिशनचं म्हणजे काय, जाहिरात की नियम? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, “तेच हो. पीडीएफ पाठवलीय व्हॉट्सॲपवर.”

ती पीडीएफ म्हणजे लेटरहेडवर छापून, शिक्का मारून, वाकडं स्कॅन केलेलं एक पान. फॉर्म कधीपासून मिळणार, खिडकी किती ते किती, सोबत काय आणायचं, खाली मुख्याध्यापकांची सही. ही जाहिरात झाली आणि तिच्यात वाईट काहीच नाही. घोटाळा पुढे होतो. ती साइटवर चढली की शाळेला वाटतं, प्रवेशाची माहिती प्रसिद्ध झाली, आपण सुटलो.

जाहिरात पालकाला सांगते की कधी आणि कुठे या. नियम सांगतात की आल्यावर कोणाला घेणार, कोणत्या क्रमानं घेणार आणि जागा कमी पडल्या तर काय करणार. नर्सरीच्या चाळीस जागा आहेत आणि फॉर्म आले दीडशे, असं धरून चला. आधी भावंडं? मग जवळ राहणारे? मग सोडत? की संस्थेच्या विश्वस्तांची चिठ्ठी? पालकाला शाळेचं पान घरी बसून वाचून याचं उत्तर मिळत असेल तर ते नियमांचं पान. मिळत नसेल, तर त्यावर मथळा काहीही असो, ती जाहिरातच.

दोन्हींचं आयुष्यही वेगळं असतं. फॉर्मची शेवटची तारीख उलटली की जाहिरात रद्दी. नियम मात्र वर्षभर लागू असतात. ऑगस्टमध्ये बदली होऊन पनवेलहून घाटकोपरला आलेल्या कुटुंबालाही तेच लागतात. म्हणून जाहिरात उतरवायची असते आणि नियम वर्षाच्या नावानिशी जपून ठेवायचे असतात. माझ्याकडे उलटंच चालतं. २०१९ची जाहिरात गूगलला अजून सापडते आणि गेल्या वर्षीचे नियम कोणालाच सापडत नाहीत.

एक उदाहरण मी स्वतः निस्तरलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २०२५-२६च्या जाहिरातीत एका शाळेनं लिहिलं होतं, ‘नर्सरी: वय ३+’. एवढंच. जूनमध्ये एक बाई खिडकीशी आल्या. मुलीचा जन्म २० नोव्हेंबर २०२२चा. त्यांनी जानेवारीत साइट पाहिली, बोटांवर मोजलं, शाळा सुरू होताना मुलगी अडीच वर्षांची असेल असं निघालं आणि त्यांनी फॉर्मच भरला नाही. आता शेजारणीच्या, तिच्याहून दहा दिवसांनी लहान असलेल्या मुलाला त्याच शाळेत प्रवेश मिळालेला. महाराष्ट्रात वय मोजतात ते त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ डिसेंबरला. त्या दिवशी नर्सरीसाठी ३ वर्षं आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे ३१ डिसेंबर २०२२ किंवा त्याआधी जन्मलेलं मूल चाललं असतं आणि ही मुलगी व्यवस्थित बसत होती. शेजारणीनं खिडकीवर येऊन विचारलं होतं, हिनं साइटवर विश्वास ठेवला होता. ‘३+’ हे जाहिरातीचं लिहिणं. नियमाच्या लिहिण्यात तारीख येते.

हे सगळं फक्त नीटनेटकेपणासाठी नाही. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. त्याच्या कलम १३नं कॅपिटेशन फी (शाळेनं जाहीर केलेल्या फीशिवाय उकळलेली देणगी) आणि निवड चाचणी या दोन्हींना बंदी घातली. निवड चाचणीची तिथली व्याख्या फार रुंद आहे: यदृच्छ पद्धत, म्हणजे सोडतीसारखी पद्धत, सोडून निवडीची दुसरी कोणतीही रीत. पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. कॅपिटेशन फी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. मग शाळांनी विचारलं, आमच्या माजी विद्यार्थ्यांची मुलं, भावंडं, यांना आधी घ्यायचंच नाही का? त्यावर केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २३ नोव्हेंबर २०१० रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा आपलं प्रवेश धोरण ठरवू शकते, त्यात वाजवी आणि न्याय्य प्रवर्ग पाडू शकते. पण पालकांच्या शिक्षणावरून मुलाची वर्गवारी नको, मुलाची किंवा पालकांची मुलाखत नको आणि निवड सोडतीनं. आमच्या विषयाच्या दृष्टीनं खरी मेख पुढे आहे: हे धोरण लोकांसमोर ठेवायचं, त्याला भरपूर प्रसिद्धी द्यायची आणि माहितीपुस्तिकेत स्पष्ट छापायचं. म्हणजे लोकांसमोर मांडायला सांगितलंय ते नियमांना. आपण उत्साहानं मांडतो ती जाहिरात.

या सूचनांचा रोख पहिलीच्या प्रवेशावर आहे आणि नर्सरीला त्या कितपत लागतात यावर दिल्लीत कोर्टबाजीही झाली. पण मुंबईत मूल पहिलीला येतं ते बहुतेक वेळा त्याच शाळेच्या सीनियर केजीतून. खरी निवड नर्सरीलाच होऊन गेलेली असते. त्यामुळे नर्सरीचे नियम लेखी मांडायला कायद्याची वाट बघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘पालकांसोबत अनौपचारिक संवाद’ असं जाहिरातीत लिहून दीड तास ताटकळत ठेवणारी शाळा त्या संवादात नक्की काय बघते, ते नियमांच्या पानावर लिहून दाखवू शकेल का?

पंचवीस टक्क्यांचं प्रकरण वेगळं आणि त्यात गल्लत सर्वात जास्त. कलम १२(१)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळेनं सुरुवातीच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या. महाराष्ट्रात या जागांचा अर्ज शाळेच्या खिडकीवर मिळत नाही. तो राज्याच्या शिक्षण विभागाच्या पोर्टलवर भरायचा, निवड राज्याच्या ऑनलाइन सोडतीनं, दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख. शाळेनं साइटवर सांगायचं ते थोडकंच: हा प्रवेश आमच्या फॉर्मनं होत नाही, आमच्याकडे त्याचा सुरुवातीचा वर्ग नर्सरी की पहिली, जागा किती आणि पोर्टलची लिंक. हे न लिहिल्यामुळे धारावीहून, मानखुर्दहून आलेले आईबाप रोजगार बुडवून शाळेच्या रांगेत उभे राहतात आणि खिडकीवर पोचल्यावर त्यांना कळतं की ही रांग त्यांची नव्हेच. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्यानं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली होती. १९ जुलै २०२४ला मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. तरीही एका शाळेच्या पानावर ‘आमच्या शाळेस सदर तरतूद लागू नाही’ हे वाक्य पुढचं वर्षभर तसंच होतं. माझंही लक्ष गेलं नाही, कबूल करतो. अल्पसंख्याक शाळांना मात्र खरोखर सूट आहे. विनाअनुदानितांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निकालानं. त्यांनीही तसं एका ओळीत लिहावं. गप्प बसलं की पालक लपवाछपवीच समजतात.

कागदपत्रांच्या यादीतही जाहिरातीचा आणि नियमांचा सूर वेगळा हवा. जाहिरात दरडावते: ‘खालील कागदपत्रांशिवाय फॉर्म स्वीकारला जाणार नाही.’ आणि यादीत जन्मदाखला, आधार, जुन्या शाळेचा दाखला. कायदा काय म्हणतो? वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४. जुन्या शाळेकडून दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, हे कलम ५. मात्र ही कलमं ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहेत, तेव्हा नर्सरीच्या यादीला ती जशीच्या तशी चिकटवू नयेत. आधार नाही म्हणून शाळाप्रवेश अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८च्या निकालात आलं. नियमांच्या पानावर प्रत्येक कागदापुढे ‘नसल्यास काय’ हा रकाना पाहिजे. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर दर वर्षी घर बदलणाऱ्या या शहरात पत्त्याच्या पुराव्यासमोर तर पाहिजेच.

सीबीएसईच्या शाळा इथे मला थांबवतात: “आमचं मँडेटरी डिस्क्लोजरचं पान आहे की!” आहे, शाळेनं सक्तीनं जाहीर करायच्या माहितीचं, मंडळाच्या संलग्नता उपविधींच्या (मंडळाशी जोडून घेण्याच्या नियमांच्या) परिशिष्ट ९ प्रमाणे. त्यात मान्यतापत्र, इमारतीचा आणि अग्निसुरक्षेचा दाखला, फीची माहिती, शिक्षकांची संख्या, निकाल. ते शाळेची कुंडली सांगतं. माझ्या मुलाला घेणार का, हे त्यात कुठे नाही.

हा फरक तिकडे इंग्लंडमध्ये चांगला पाळतात. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर क्रम काय, हे तिथे शाळेनं किंवा स्थानिक परिषदेनं आदल्या वर्षीच्या २८ फेब्रुवारीपर्यंत ठरवायचं आणि १५ मार्चपर्यंत वेबसाइटवर टाकायचं. म्हणजे शाळा सुरू व्हायच्या दीड वर्ष आधी. कोणाला ते अन्यायाचं वाटलं तर १५ मेपर्यंत हरकत घेता येते. जाहिरात ज्यानं त्यानं हवी तेव्हा करावी. आपल्याकडे जाहिरात डिसेंबरात येते आणि क्रम काय होता ते यादी लागल्यावर कुजबुजीतून कळतं.

यादीवरून आठवलं. निवड यादी ही जाहिरातही नाही आणि नियमही नाही, पण चढते त्याच पानावर. काही वर्षांपूर्वी एका शाळेनं पाठवलेली एक्सेल मी जशीच्या तशी पीडीएफ करून टाकली. मुलांची नावं, जन्मतारखा, जात, वडिलांचे मोबाइल नंबर. संध्याकाळपर्यंत ती तीन सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरली आणि दुसऱ्या दिवशी त्या नंबरांवर क्लासवाल्यांचे फोन सुरू झाले. २०२३मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. मी मात्र त्या फोननंतरच सुधारलो होतो. आता फक्त फॉर्म नंबर.

पानाच्या रूपाबद्दल एवढंच: स्कॅन नको, साधा मजकूर द्या, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर तसाच दिसेल असा. पालक हे पान ८.४७च्या लोकलमध्ये एका हातानं दांडी धरून वाचतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर ‘प्रवेश’चं होतं भलतंच काहीतरी.

त्या ‘३+’वाल्या शाळेच्या नियमांच्या पानावर पुढच्या वर्षी पहिली ओळ आली: ‘२०२६-२७च्या नर्सरीसाठी मुलाचा जन्म ३१ डिसेंबर २०२३ रोजी किंवा त्याआधी झालेला असावा.’ खिडकीवरच्या मावशींनी तिची मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून काचेला आतून चिकटवली, बाहेरून वाचता येईल अशी. काचेच्या वर शाळेचा नवा फ्लेक्स होता. त्यावर ‘नर्सरी: ३+’च होतं, तो आधीच छापून आला होता.